डाग कोणाबरोबर जातो

खोक्यावरची चिकटपट्टी दुहेरी होती. खुसपट्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला तेवढं पुरे होतं.

कारखान्यातून निघालेल्या खोक्यावर पट्टी एकदाच लागते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांदा लागली म्हणजे मधे कोणीतरी ते उघडलं. उघडलं म्हणजे आत काहीतरी केलं. आणि केलं ते खुसपट्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायलाच केलं, दुसरं काय! त्यांनी खोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, पट्टी ब्लेडने हळूच कापली आणि आतला मॉनिटर बाहेर काढून मागच्या स्क्रूंच्या खाचा भिंगाखाली तपासल्या. खाचा स्वच्छ होत्या, कुठे ओरखडा नाही, काही नाही.

"पुसल्या असतील," ते म्हणाले.

खुसपटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. एका साप्ताहिकात ते वर्षानुवर्षं मॉनिटरांची परीक्षणं लिहीत आले होते. दुसऱ्याला जिथे सगळं गुळगुळीत दिसे तिथे यांना नेमकं खुसपट सापडे, म्हणून कचेरीत कोणीतरी हे नाव पाडलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की सदराखालीही तेच छापून यायला लागलं. दुकानदार ते सदर वाचून माल मागवत. खुसपट्यांनी नुसतं "बरा आहे" म्हटलं तरी कंपनीला गगन ठेंगणं होई, आणि नाक मुरडलं तर तो माल गोदामात धूळ खात पडे.

त्यांची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. निम्मं शहर तिच्या हाताखालून गेलेलं, आणि तिचे विद्यार्थी तिला रस्त्यात थांबवून नमस्कार करत. पण घरचा एकच माणूस असा, की चौकात तिने "डावीकडून मोकळं आहे" म्हटलं तरी स्वतः मान लांब करून, खिडकीतून डोकं काढून बघणार आणि मग म्हणणार, "हं, जा." इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या 'मोकळं आहे'वर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नव्हता. तीही काही कमी नव्हती. आठवड्यातून एकदा तरी ती त्यांना ऐकवायचीच, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं..." आणि पुढचं मुसळ हातातल्या लाटण्याने नाहीतर गाडीच्या किल्लीने हवेत दाखवून मोकळी व्हायची.

या खेपेला संशयाला आणखी एक कारण होतं. खोकं बारकीने पाठवलेलं होतं.

बारकी म्हणजे त्यांची एके काळची मदतनीस. शिडशिडीत, बुटकी, पण नजर अशी की पडद्यावरचा एक न उजळणारा, मेलेला ठिपका दारातून सांगायची. बारकी हे नाव त्यांनीच ठेवलं, सगळं त्यांनीच शिकवलं, आणि शिकून झाल्यावर ती एका छोट्या मॉनिटरवाल्या कंपनीत गेली. खुसपट्यांच्या लेखी हे राखणदाराने चोरांना जाऊन मिळण्यासारखं होतं. हा रुंद मॉनिटर पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत तिने स्वतः घडवलेला. तो चालला तर कंपनी उभी राहणार, नाहीतर कुलूप, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पाठवताना ती फोनवर म्हणाली होती, "सर, वाईट म्हणालात तरी चालेल. पण नीट बघून म्हणा."

"नीट बघून म्हणा म्हणे," खुसपटे बायकोला म्हणाले. "मला! कुठेतरी पाणी मुरतंय."

मॉनिटर रुंद म्हणजे चांगलाच रुंद होता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडा किंचित आत वळलेल्या. समोर बसलं की दोन्ही बाजूंनी पडदा अंगावर येई. पाय म्हणजे एक जाड, सपाट पत्रा, त्यावर चहाचा कपसुद्धा ठेवता यावा असा. उगाच फाकवलेल्या तंगड्या नाहीत. वर-खाली करायला एका बोटाचा जोर पुरे, आणि सोडला की सोडला तिथेच राही. टाइप करताना पडदा थरथरतो का ते बघायला खुसपट्यांनी टेबलावर मूठ आपटली; पेनं उडाली, पडदा ढिम्म हलला नाही. केबली पायातल्या पोकळीतून जाऊन दिसेनाशा होत होत्या. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून त्यांनी एकीत लेख आणि दुसरीत आकडे ठेवले, तरी मधे ऐसपैस जागा उरली. खिडकीचे जाड पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि पडदा पूर्ण काळा करून कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का ते पाहिलं. झिरपत नव्हता. करडा रंग लावला, तोही या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा.

केबली खोचायची भोकं मात्र खाली तोंड करून होती, त्यामुळे त्या लावताना मान वाकडी करून जवळजवळ टेबलाखाली शिरावं लागे. हे सापडल्यावर खुसपट्यांना जरा बरं वाटलं. पण एवढ्यावर काही परीक्षण उभं राहत नाही. वस्तू चांगली निघत होती आणि हेच त्यांना खुपत होतं. बारकी इतकी हुशार होती, की दोष न ठेवण्यापेक्षा दोष लपवणं तिला सोपं गेलं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि मग बाण हरवला.

झालं असं, की लेख लिहिता लिहिता एक खिडकी बंद करायला त्यांनी माऊसचा बाण डावीकडे वरच्या कोपऱ्यात नेला, आणि तो गेला. नाहीसाच झाला. त्यांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं, तर बाण साळसूदपणे तिथेच बसलेला. पुन्हा मधल्या मजकुराकडे नजर आणली, बाण गेला. वळून पाहिलं, आहे. पुढे बघितलं, नाही.

खुसपटे खुर्चीत ताठ झाले. "अस्सं!" ते म्हणाले. हे बघणाऱ्यासमोर सज्जन आणि पाठ फिरली की चोर अशातलं प्रकरण होतं. त्यांचा अनुभव सांगत होता, की साधा दोष कधी असा वागत नाही, तो बिचारा बघितलं तरी दिसतो. बघितल्यावर लपणारा दोष म्हणजे कोणीतरी अक्कल लावून बसवलेला.

अक्कल कुठे बसवली आहे तेही त्यांना लगेच सापडलं. पडद्याच्या वरच्या कडेला मसुराएवढी काळी काच होती. समोर माणूस आहे की उठून गेला हे ती ओळखे आणि माणूस गेला की उजेड कमी करी, वीज वाचावी म्हणून. जाहिरातीत हे मोठ्या कौतुकाने सांगितलेलं होतं. खुसपट्यांनी ताबडतोब ताडलं: ही काच माणूसच नाही, त्याची नजरही ओळखते. तो जिथे बघत नाही तिथला पडदा गुपचूप विझवते आणि वीज कमी लागल्याचा आकडा मिरवते. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही नवी तऱ्हा!

त्यांनी काचेवर काळी पट्टी चिकटवली. बाण तरी हरवला. म्हणजे काच दुसरी असणार, लपवलेली. त्यांनी समोर बघत बघत फोनवर कोपऱ्याचा फोटो काढला, तर फोटोत बाण ठसठशीत. म्हणजे तो फोनचा कॅमेराही ओळखतो! त्यांनी जुना चौकोनी मॉनिटर माळ्यावरून काढून लावला. त्या अरुंद पडद्यावर बाण एकदाही हरवला नाही. आता तर बोलायलाच नको. दोष नव्या मॉनिटरचाच, आणि तोही नुसता दोष नाही, बनवाबनवी.

त्या दिवसांत एकूणच जग त्यांच्या वाईटावर होतं. बायको कप कुठेही ठेवून देई, आणि डाव्या हाताचा धक्का लागून त्यांचा आवडता कप फुटला. सुताराने खोलीचं दार दुरुस्त करताना चौकट अरुंद केली असावी, कारण येता-जाता डावा खांदा तिच्यावर आपटायचा. आणि शेजाऱ्याने तर हद्दच केली. खुसपटे एके दिवशी स्वतः गाडी घेऊन कचेरीत जाऊन आले, आणि त्याच संध्याकाळी त्याने गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक लांबलचक ओरखडा ओढला. शेजारी शपथा घेऊन सांगत होता की मी नाही त्यातला. खुसपट्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

"अहो, तो कशाला आपली गाडी खरवडेल?" बायकोने विचारलं.

"तेच तर मला शोधायचंय," खुसपटे म्हणाले.

परीक्षण त्यांनी एका बैठकीत लिहिलं. पाय, केबली, रंग यांना ओळ-दोन ओळी दिल्या आणि मग मुख्य वाक्य टाकलं: 'या मॉनिटरचा डावा वरचा कोपरा ग्राहकाची फसवणूक करतो.' वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं आणि संपादकबाईंना पाठवून दिलं. अंक त्याच संध्याकाळी छपाईला जायचा होता.

साप्ताहिकाचा एक जुना शिरस्ता होता. एवढा मोठा ठपका ठेवायचा तर छापण्याआधी कंपनीला कळवायचं, म्हणजे तिला काही म्हणायचं असेल तर म्हणता येतं. बहुतेक कंपन्या एक गोलमाल उत्तर पाठवून गप्प बसत. बारकी दुपारी स्वतःच येऊन दारात उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, चेहरा पांढराफटक.

"सर, डावा वरचा कोपरा?"

"आत ये. खोटं बोलायचं असेल तर बसून बोल, पाय दुखतील."

"तो कोपरा मी स्वतः तपासलाय, सर."

"खोकं मधे कोणी उघडलं होतं?"

"मी."

"बघ!" खुसपट्यांनी मांडीवर थाप मारली.

"बघायलाच उघडलं हो! तुमच्याकडे जायचा म्हटल्यावर मला चैन पडेना. पुन्हा लावला, सगळा बघितला आणि पुन्हा बांधला. ही खोड मला कोणाची लागली ते तुम्हाला माहितेय."

खुसपट्यांनी तिला टेबलाकडे नेलं, खुर्चीत बसले, नजर पडद्याच्या मधोमध ठेवली आणि बाण डावीकडे वर न्यायला लागले. "हा चालला... चालला... गेला! बघितलंस?"

बारकी आधी पडद्याकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे. "सर, तो आहे तिथे."

"आता आहे. मी वळलो म्हणून आला."

"तुम्ही वळायच्या आधीही होता."

"तू कंपनीचं मीठ खातेस. तुला दिसणारच."

पिशवी खाली ठेवून तिने बाह्या सरसावल्या. "ठीक आहे. मग तुमच्या नियमाने करू. डाग कोणाबरोबर जातो ते बघू."

हा नियम खुसपट्यांनी जन्मभर पाळला होता आणि तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता. पडद्यावर डाग दिसला की संशयित तीन: मॉनिटर, संगणक आणि खोली. नुसतं बघून कोणावर आळ घ्यायचा नाही. एकेकाला जागचं हलवायचं, आणि डाग ज्याच्याबरोबर जाईल तो गुन्हेगार. या खेपेला मात्र बाण लपताना बघून ते इतके चवताळले होते, की जुना मॉनिटर लावून पाहिला तेवढ्यावरच त्यांनी निकाल देऊन टाकला. नवा उलटा करून बघितलाच नव्हता. हे तिच्या लक्षात आलं याचा त्यांना राग आला, पण नियमच त्यांचा. नाही म्हणायची सोय नव्हती.

"कर उलटा," ते म्हणाले. "तुझ्याच हाताने कर, म्हणजे मागाहून बोलायला नको."

बारकीने मागचे स्क्रू काढले, पडदा पायावरून उतरवून चादरीवर ठेवला, खालची बाजू वर केली आणि पुन्हा बसवला. एक स्क्रू खाली पडला तो तिने गुडघ्यावर बसून शोधला. मग सरांना संगणकात चित्र उलटं करायला सांगितलं, म्हणजे दिसायला सगळं होतं तसंच, पण पडद्याचा तो बदनाम कोपरा आता उजवीकडे खाली गेला होता.

खुसपट्यांनी बाण उजवीकडे खाली नेला. स्पष्ट दिसत होता. डावीकडे वर नेला. गेला.

बारकीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पडद्याबरोबर नाही गेला, सर."

"मग संगणक," खुसपटे तोडून म्हणाले.

तिने त्यांची केबल काढून स्वतःचा लॅपटॉप जोडला. बाण डावीकडे वर जाताच हरवला.

"मग खोली. खिडकीचा उजेड पडतोय कुठूनतरी." ते उठले आणि दोघांनी मिळून जड टेबल समोरच्या भिंतीला नेलं. मघाशी उजवीकडे असलेली खिडकी आता डावीकडे आली, दारही उजवीकडचं डावीकडे आलं. खुसपटे धापा टाकत बसले, घाम पुसला, नजर मधे ठेवली आणि बाण सरकवला. गेला. पुन्हा सरकवला. पुन्हा गेला.

तिघेही संशयित निर्दोष सुटले होते आणि चोरी चालूच होती. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि काही उलगडेनासं झालं की ते ओरडत.

"तू काय केलंयस ते सांग! लॅपटॉपही तुझाच, मॉनिटरही तुझाच! मी तुला हात धरून शिकवलं आणि तू मलाच..."

"मी काही केलं नाही हो, सर!" तिचा आवाज फुटला. "त्या एका वाक्याने आम्ही बुडणार आहोत. ते खरं असेल तर बुडू दे, मी चकार शब्द काढणार नाही. पण ते खरं आहे का, एवढंच सांगा मला. तुम्हीच सांगा."

"अहो," असा आवाज अगदी कानाजवळ आला.

खुसपटे दचकून वळले. डावीकडे, हाताच्या अंतरावर, बायको ट्रे घेऊन उभी होती.

"तू कधी आलीस?"

"टेबल लावलंत तेव्हाच आले. तुमचा चहा गार झाला."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलणार होते. मग बघत राहिले." तिचा आवाज नेहमीचा नव्हता. आणि आता खुसपट्यांना दिसलं, की बारकीच्या हातात कप होता. अर्धा प्यायलेला. तो तिला कोणी दिला, कधी दिला, त्यांच्या नाकासमोरून गेला की काय झालं, त्यांना काही म्हणजे काही पत्ता नव्हता.

बायकोने ट्रे ठेवला, स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. "माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. बोटं हलताना दिसली की सांगायचं."

"हे काय, लायसन्सची परीक्षा?"

"हो. स्टिअरिंग हातात द्यायच्या आधी मी सगळ्यांची घेते. तुमची कधी घेतली नाही, तुम्ही घेऊ दिली नसतीत." तिने दोन्ही हात बाजूंना पसरले. "बघा नाकाकडे."

उजवीकडे बोटं हलली. "हलली," खुसपटे म्हणाले. पुन्हा हलली. "हलली." मग काहीच होईना. त्यांनी वाट पाहिली. बायकोच्या नाकाचा शेंडा लाल होत चालला होता.

"हलव की," ते म्हणाले.

"हलवतेय," ती म्हणाली. "केव्हाची हलवतेय."

त्यांनी नजर डावीकडे वळवली. तिचा हात तिथेच होता, आणि पाचही बोटं लहान मुलाला खेळवावं तशी हलत होती.

त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला आणि तिच्या नाकाकडे पाहिलं. मग डावा झाकला आणि पाहिलं. दोन्हीत तेच, म्हणजे दोष डोळ्यांच्याही मागचा, डोक्यातला. हाडाचा परीक्षक माणूस. नियमात नसलेल्या चौथ्या संशयितालाही त्यांनी एकेक भाग वेगळा करून तपासलं. मग त्यांचा हात मांडीवर पडला. कप. दाराची चौकट. गाडीचा ओरखडा. सगळं डावीकडचं. आणि जुन्या अरुंद पडद्याचा कोपरा तेवढ्या लांब पोचतच नव्हता, म्हणून तिथे बाण हरवला नव्हता. ते घाबरले होते, चांगलेच घाबरले होते, आणि समोरच्या दोघींना ते दिसत होतं.

"तो शेजारी..." ते पुटपुटले.

"आधी दवाखाना, मग शेजारी," बायको उठत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. हे थांबायचं दुखणं नाही."

ती कुसळ-मुसळाची म्हण त्या दिवशी तिने काढली नाही. काढली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"काकू, मी येते बरोबर," बारकी म्हणाली. तिने लॅपटॉप पिशवीत कोंबला, सरांचा चष्मा उचलला, खिडकी लावली. परीक्षणाचं तिने नावही काढलं नाही. घड्याळ समोर भिंतीवर होतं, अंक आता कधीही छपाईला जाईल हे तिला माहीत होतं, तरी ती सरांच्या चपला शोधत होती. खुसपटे तिच्याकडे बघत राहिले. आठवडाभर ते या मुलीला पाण्यात पाहत होते.

"फोन दे माझा," ते म्हणाले.

संपादकबाई घाईत होत्या. "काय हो खुसपटे? पानं लावून झालीत."

"ते परीक्षण थांबवा. कोपऱ्याचं वाक्य चुकीचं आहे. त्यात दोष नाही."

पलीकडे बाईंचा आवाज हळू झाला. "ती मुलगी आली आहे ना तुमच्याकडे?"

"हो. समोरच आहे."

"खुसपटे, इतक्या वर्षांत तुमचं एक वाक्य मी बदललं नाही, आणि तुम्हीही कधी बदललं नाहीत. आज कंपनीची बाई तुमच्या घरी येते आणि तासाभरात दोष गायब होतो. मी काय समजायचं?"

खुसपटे त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, आणि याहून कडक शब्दांत विचारलं असतं. एक वाट सोपी होती. केबल सैल होती, म्हणायचं. कोणाचीही चूक होऊ शकते. सदर राहिलं असतं, नाव राहिलं असतं, मॉनिटरही सुटला असता. पण बाईंचा संशय बारकीवर तसाच राहिला असता, आणि सैल केबल खुसपट्यांना आठवडाभर कळली नाही यावर कचेरीतल्या शिपायानेसुद्धा विश्वास ठेवला नसता. त्यांनी बारकीकडे पाहिलं. तिला चपला सापडल्या होत्या आणि ती त्या त्यांच्या पायाजवळ ठेवत होती, उजवीकडे, त्यांना दिसतील अशा.

"मॉनिटर उलटा केला," ते फोनवर म्हणाले. "संगणक बदलला. खोली फिरवली. डाग माझ्याबरोबर जातो, बाई."

बाईंना तो नियम पाठ होता. सदरातून तो किती वेळा छापला असेल. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात कोण नेतंय तुम्हाला?"

"बायको."

"मग ठीक आहे. पान मी बदलते. मॉनिटरबद्दल काय घालू?"

"भोकं खाली तोंड करून आहेत, मान मोडते, तेवढं राहू द्या. बाकी सगळं चांगलं आहे. फार चांगलं आहे." त्यांनी चपलेत पाय सरकवले. "आणि दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. त्याच्या नावाने छापा. माझं नाव खाली घालू नका."

बारकी दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली.

गाडीपर्यंत बायकोने त्यांचा डावा दंड धरला. दाराच्या चौकटीपाशी तिने त्यांना जरासं उजवीकडे ओढलं, आणि खांदा आपटला नाही. बाहेर गाडीचा ओरखडा उन्हात चकाकत होता. खुसपट्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि शेजाऱ्याच्या बंद खिडकीकडे पाहिलं, पण तिने दार उघडून त्यांना आत बसवलं. बारकी मागे बसली.

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागत होता. बायकोने गाडी थांबवली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "डावीकडून मोकळं आहे," ती सवयीने म्हणाली आणि सवयीनेच थांबली, त्यांनी मान लांब करून बघण्याची वाट बघत.

खुसपट्यांनी मान हलवली नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ते समोर बघत बसले होते.

"मोकळं आहे म्हणतेस ना?" ते म्हणाले. "मग जा."